फिलाडेल्फिया ईगल्स: २०२४ चा संघ जिंकला कशामुळे, आणि आता एवढे लोक चालले कुठे?

चेरीहिलकर | २० मार्च २०२५

ब्रँडन ग्रॅहमने परवा निवृत्ती जाहीर केली. पंधरा मोसम, सगळे ईगल्सकडूनच, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या (एनएफएल) आपल्या संघाकडून. त्याच्या आदल्या आठवड्यात तर दारात ट्रक लावल्यासारखं सामान हललं. मिल्टन विल्यम्स न्यू इंग्लंडला, जॉश स्वेट ॲरिझोनाला, मकाय बेक्टन चार्जर्सकडे, आयझाया रॉजर्स मिनेसोटाला. डॅरियस स्लेला मोकळं केलं, तो पिट्सबर्गला गेला. गार्डनर-जॉन्सनला ह्यूस्टनला देऊन टाकलं. हल्ला आखणारा केलन मूर तर सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) संपल्या संपल्या सेंट्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. चषक जिंकून अजून दीड महिना झालेला नाही, आणि इथल्या रेडिओवर 'मॅनेजर हावी रोझमनने संघ मोडला' असा गळा काढणारे रोज भेटतात.

माझं म्हणणं उलट आहे. हा संघ ज्या रीतीने बांधला गेला त्या रीतीतच हे मोडणं होतं. म्हणून जरा मागे जातो.

जानेवारी २०२४. त्या मोसमात आपण १०-१ (दहा विजय, एक पराभव) असे सुटलो होतो आणि ११-६ वर येऊन आपटलो. प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पहिल्याच सामन्यात टॅम्पाने ३२-९ असं धुतलं. बचावाची सूत्रं डिसेंबरमध्ये शॉन डेसाईकडून मॅट पॅट्रिशियाकडे दिली होती, त्याने गोंधळ आणखी वाढला. मुख्य प्रशिक्षक निक सिरियानीची नोकरी जाणार असं सगळेच धरून चालले होते. मग मार्चमध्ये जेसन केल्सी आणि फ्लेचर कॉक्स दोघंही निवृत्त झाले. हल्ल्याच्या ओळीतला मधला माणूस (सेंटर) गेला आणि बचावाचा मधला खांबही गेला.

त्यावर रोझमनने काय केलं? बचावासाठी विक फँजिओला आणलं, हल्ल्यासाठी मूरला आणलं. रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) सेक्वॉन बार्कलीला तीन वर्षांसाठी ३७.७५ मिलियन डॉलर दिले, आणि मथळे त्याचेच झाले. पण खरी कमाई मला तिथे दिसत नाही. झॅक बॉनला एका वर्षासाठी ३.५ मिलियन दिले. ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) २२ व्या क्रमांकावर क्विन्यॉन मिचेल आणि ४० व्या क्रमांकावर कूपर डीजीन घेतला. जेट्सने ज्याच्यावर पाणी सोडलं होतं तो बेक्टन एका वर्षाच्या करारावर आला. या चौघांना मिळून जेवढे पैसे लागले तेवढ्यात आजकाल एक बरा पास रशर (पास फेकणाऱ्यावर धावून जाणारा) येत नाही.

बॉनचं तर विशेषच. न्यू ऑर्लिन्समध्ये चार वर्षं तो कडेने धावायचा, नाहीतर स्पेशल टीम्समध्ये (किकच्या वेळच्या तुकडीत) घाम गाळायचा. मार्चमध्ये त्याच्या नावाची बातमी दोन ओळींची होती. फँजिओने त्याला आत, मधल्या लाईनबॅकरच्या जागी उभं केलं. मोसमाअखेर १५१ टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं), ऑल-प्रो (मोसमातल्या सर्वोत्तमांचा) पहिला संघ, आणि सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सच्या माहोम्सचा एक पास चोरला तो वेगळाच. म्हणजे माणूस तोच, फक्त दहा पावलं आत सरकवला.

आता प्रश्न असा की स्वस्तात आलेला माणूस असा खेळला की पुढच्या मार्चमध्ये तो स्वस्त राहत नाही. बॉनला ठेवलं, तीन वर्षांना ५१ मिलियन देऊन. विल्यम्सला ठेवायचं तर न्यू इंग्लंडने दिलेले चार वर्षांचे १०४ मिलियन द्यावे लागले असते. दोघांपैकी एकच. म्हणून माझं मत: बार्कली हा कळस होता, पाया स्वस्त करारांचा होता, आणि तो पाया दर वर्षी नव्याने घालावा लागतो. रोझमनला शिव्या घालणाऱ्यांनी पर्याय सांगावा.

---

जायंट_दुःख | २० मार्च २०२५

काका, 'मथळे बार्कलीचे, कमाई दुसरीकडे' हे फिलीकडच्यांनी म्हणायला ठीक आहे. आम्ही एडिसनमध्ये बसून त्याला वर्षभर टीव्हीवर पाहिलंय. सहा मोसम आमच्याकडे, न्यू यॉर्क जायंट्सकडे, राबला. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला पोरगा. आमच्या लोकांनी क्वार्टरबॅक (पास फेकणारा) डॅनियल जोन्सला १६० मिलियन दिले आणि ह्याला टॅग लावून एका वर्षावर टांगून ठेवलं. मग तो मोकळा झाल्यावर म्हणे रनिंग बॅकवर पैसे घालवायचे नसतात.

आणि माहितीपटाचे कॅमेरे लावून ठेवले होते ना घरात! मालक जॉन मारा मॅनेजरला सांगतोय की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागायची नाही, हे साऱ्या जगाने बघितलं. मॅनेजरने ऐकलं नाही. ऑक्टोबरमध्ये तो आमच्या मेटलाइफ मैदानावर आला आणि १७६ यार्ड पळाला. निकाल २८-३. चौथा क्वार्टर सुरू व्हायच्या आत पार्किंगमधून गाड्या निघायला लागल्या होत्या.

जोन्सला नोव्हेंबरमध्ये काढला. आम्ही ३-१४. आता तुम्ही आमचे ओजुलारी आणि ॲडोरे जॅक्सन पण नेलेत. फर्निचर राहिलंय, ते कधी नेताय कळवा.

---

पहाटे_पाच | २१ मार्च २०२५

चेरीहिलकर, धागा मस्त. पुण्यातून दर आठवड्याला बघतो. रविवारचा दुपारचा सामना आमच्याकडे रात्री साडेदहाला, नोव्हेंबरात घड्याळं मागे केली की साडेअकराला. सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला. हाफटाइमला २४-० झालं तेव्हा बाहेर दूधवाला येऊन गेला होता.

पण तुमचं विधान पटलं नाही. बार्कलीला 'कळस' म्हणून बाजूला काढता येत नाही. ३ नोव्हेंबरचा जॅक्सनव्हिलचा सामना आठवा. छोटा पास पकडला, पहिल्याला गिरकी घेऊन चुकवलं आणि दुसरा समोरून वाकून आला तेव्हा हा त्याच्याकडे पाठ करून होता. तसाच, पाठमोरा, त्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे पायावर उतरला. मी तीनदा रिवाइंड केलं. हे कुठल्या स्वस्त कराराने होतं?

रॅम्सविरुद्ध २५५ यार्ड, क्लबचा विक्रम. त्यात ७० आणि ७२ यार्डांचे दोन टचडाऊन (थेट शेवटच्या रेषेपलीकडे). मग प्लेऑफमध्ये त्याच रॅम्सविरुद्ध बर्फात २०५. त्याला वगळून हा संघ ११-६ चाच.

---

आकडेबहाद्दर | २१ मार्च २०२५

दोन्ही बाजूंनी हात वर करण्याआधी जरा आकडे बघू.

माइल्स सँडर्स, २०२२, ईगल्सकडून: १,२६९ यार्ड. पुढच्या वर्षी कॅरोलिनात: ४३२.
डीआंद्रे स्विफ्ट, २०२३, ईगल्सकडून: १,०४९. पुढच्या वर्षी शिकागोत: ९५९, पण दर धावेला ४.६ वरून ३.८ वर.
सेक्वॉन बार्कली, २०२३, जायंट्सकडून: ९६२, दर धावेला ३.९. पुढच्या वर्षी ईगल्सकडून: २,००५, दर धावेला ५.८.

जो इथे येतो तो फुलतो, जो इथून जातो तो सुकतो. हल्ल्याची पुढची ओळ बघा: मायलाटा, डिकरसन, जर्गन्स, बेक्टन, लेन जॉन्सन. या पाच जणांमागे पळायला मिळालं की कुणाचंही भलं होतं. त्यामुळे 'सगळं बार्कलीमुळे' हे टिकत नाही.

पण चेरीहिलकर, हाच तक्ता तुमच्याही विरुद्ध जातो. ओळ जवळजवळ तीच असताना स्विफ्टला १,०४९ आणि बार्कलीला २,००५. वरचे साडेनऊशे यार्ड ओळीचे नाहीत. ओळ पहिले चार-पाच यार्ड देते. त्यानंतर सेफ्टीला (सगळ्यात मागच्या बचावपटूला) मागे टाकून साठ-सत्तर यार्ड जाणं हे ज्याचं त्याचं.

---

शंकासुर | २१ मार्च २०२५

माझ्यासारख्या नवशिक्यासाठी कुणी सांगाल का: पगाराची मर्यादा असते तर मग ह्यांना एवढे सगळे तगडे लोक एकाच वेळी परवडले कसे? ए. जे. ब्राऊन, डेव्हॉन्टा स्मिथ, क्वार्टरबॅक हर्ट्स, मायलाटा, डिकरसन, सगळ्यांना मोठमोठे करार दिलेत की.

---

आकडेबहाद्दर | २१ मार्च २०२५

@शंकासुर, आयपीएलच्या लिलावात पर्स असते तसंच, पण इथे उधारीची सोय आहे.

२०२४ ची मर्यादा २५५.४ मिलियन होती, २०२५ ची २७९.२. खेळाडूला करार करताना साइनिंग बोनस रोख मिळतो, पण मर्यादेच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून दाखवता येतो. म्हणजे समजा ५० मिलियन आज दिले, तर हिशेबात दर वर्षी १०. करार तीनच वर्षांचा असेल तर मागे दोन नावापुरती वर्षं जोडायची, ज्यात तो खेळणारच नाही. रोझमन हे सर्रास करतो. त्याचा जुगार असा की मर्यादा दर वर्षी वाढतेच, त्यामुळे आजचे १० उद्या हलके वाटतात. मालक जेफ्री लुरीला रोख रक्कम काढून द्यायची तयारी लागते, ती आहे.

आणि दुसरी गोष्ट, आपल्या लोकांना तो लवकर पकडतो. मायलाटा, डिकरसन, स्मिथ, ब्राऊन, चौघांचे नवे करार २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्येच झाले. तेव्हा महाग वाटले. वर्षभराने बाजार वर गेला की तेच सौदे बरे दिसतात.

पण उधारी ही उधारीच. खेळाडू गेला तरी न फेडलेला बोनस हिशेबात येतो. म्हणून विल्यम्ससारख्याला १०४ देणं अशक्य नसलं तरी शहाणपणाचं नव्हतं. इथे मी चेरीहिलकरांच्या बाजूने.

रच्याकने (जाता जाता), विल्यम्स, स्वेट, बेक्टन, रॉजर्स हे करार संपून गेलेत. असे लोक बाहेर मोठ्या पैशांवर गेले आणि तुम्ही तेवढे आणले नाहीत तर लीग पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये जादा निवड देते. संघाने स्वतः सोडलेला किंवा ट्रेड केलेला खेळाडू त्यात मोजत नाहीत, म्हणून स्ले आणि गार्डनर-जॉन्सनचा तिथे फायदा नाही. आता रोझमन ह्या मार्चमध्ये एक-एक वर्षाचे किरकोळ करार का करतोय ते लक्षात येईल. त्याने ती जादा निवड सहसा बुडत नाही.

---

प्लेनोवाली | २२ मार्च २०२५

टेक्ससमधून, म्हणजे शत्रुगोटातून. दिवे घ्या (गंमत समजा).

त्या मार्चमध्ये बाजारात तीन मोठे रनिंग बॅक होते: बार्कली, डेरिक हेन्री, जॉश जेकब्स. हेन्री बाल्टिमोरला गेला, १,९२१ यार्ड पळाला. जेकब्स ग्रीन बेला गेला, १,३२९. आमच्या काउबॉईजनी तिघांनाही हात लावला नाही आणि एलियटला परत बोलावलं. मग तुमच्याकडून ३४-६ आणि ४१-७. मला बार्कली कळस होता की पाया हे कळत नाही, आमचं छप्परच उडालं होतं.

पण बचावाबद्दल कुणी लिहिलंच नाही नीट, म्हणून मी लिहिते.

२०२३ मध्ये पास अडवण्यात ईगल्स लीगच्या तळाशी होते. २०२४ मध्ये दिलेल्या एकूण यार्डांत पहिले. एवढी उडी एका वर्षात! पहिल्या चार सामन्यांत तसं काही दिसलं नव्हतं. साओ पाउलोत पॅकर्सना २९ गुण दिले, अटलांटाकडून शेवटच्या मिनिटाला हरले, टॅम्पाने पुन्हा ३३ ठोकले. २-२. मग सुट्टीचा आठवडा आला आणि त्यानंतर डीजीन स्लॉट कॉर्नरच्या (आतल्या पास झेलणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या बचावपटूच्या) जागी आला. तिथून सलग दहा विजय. सगळं एका पोरामुळे झालं असं नाही, पण तो आत आल्यावर बाकीचे सगळे आपापल्या जागी बसले.

१ डिसेंबरला बाल्टिमोरमध्ये हेन्री मोकळ्या मैदानात सुटला होता. एकशे दहा किलोच्या वर वजन, वेगात, आणि समोर एकटा डीजीन. अशा वेळी कॉर्नर लोक पायाशी झोपतात, नाहीतर बाजूने ढकलून लाइनबाहेर काढतात. ह्याने सरळ छातीशी धरलं, उचललं आणि मागे आपटलं. मी काउबॉईजवाली, तरी सोफ्यावरून उठले.

---

शंकासुर | २२ मार्च २०२५

ताई, मग अजून एक. सुपर बोलमध्ये फँजिओने एकदाही ब्लिट्झ केला नाही म्हणतात. तरी माहोम्सला सहा वेळा पाडलं. जास्त माणसं न पाठवता हे कसं जमतं?

---

प्लेनोवाली | २२ मार्च २०२५

@शंकासुर, गंमत तिथेच आहे. माहोम्सवर पाच-सहा जण सोडलेत की मागे माणसं कमी होतात, आणि तो रिकामी जागा अर्ध्या सेकंदात शोधतो. म्हणून त्याला ब्लिट्झ आवडतो. फँजिओने चारच जण पाठवले आणि सात मागे ठेवले. चौघांना पाच जण अडवतात, म्हणजे गणिताने अडवणाऱ्यांचं पारडं जड. ते उलटवायचं तर चौघांपैकी एक-दोघांनी आपापल्या समोरच्याला एकट्याने हरवलं पाहिजे.

चीफ्सची डावी बाजू तेव्हा ठिगळ लावलेली होती. जो थूनी मूळचा गार्ड (ओळीतला आतला माणूस), त्याला टॅकलच्या जागी (ओळीच्या कडेला) उभं केलं होतं. मधे ईगल्सच्या जेलन कार्टरवर दोघं लागायचे. मग स्वेट आणि विल्यम्सला समोर एकेकच माणूस. स्वेटचे अडीच सॅक (पास फेकण्याआधीच पाडणं), विल्यम्सचे दोन. माहोम्स वर बघतो तर सात जण मागे पसरलेले, खाली बघतो तर स्वेट आलेला. डीजीनने ३८ यार्ड पळवत नेलेला इंटरसेप्शन (चोरलेला पास) असाच घाईत फेकलेला होता. त्या दिवशी पोराचा बाविसावा वाढदिवस. बार्कलीचाही वाढदिवस त्याच तारखेला, अठ्ठाविसावा.

आता बघा, सॅक करणारे ते दोघंच मार्चमध्ये गेले. चेरीहिलकर, तुमच्या पायाचे दोन दगड. कार्टरवर दोघं लागल्यावर मोकळा सुटणार कोण? नोलन स्मिथ? जेलिक्स हंट? मला शंका आहे.

---

चेरीहिलकर | २२ मार्च २०२५

@प्लेनोवाली, शत्रू असून एवढं छान समजावलंत, दंडवत.

मोकळा कोण सुटणार हा प्रश्न रास्त आहे. पण स्वेट आणि विल्यम्स दोघांचेही भाव सुपर बोलने वाढवले. कार्टर शेजारी असताना मिळालेले सॅक ॲरिझोनाने पूर्ण भावाने विकत घेतले. तिथे शेजारी कार्टर नाही. आकडेबहाद्दरांचा रनिंग बॅकचा तक्ता इथेही लावून बघावा. इथून जाणाऱ्यांचं पुढे काय होतं ते पाहायला मला आवडेल.

@पहाटे_पाच, बर्फातला सामना मी मैदानात बसून पाहिला. चौथ्या क्वार्टरमध्ये यार्डांच्या रेषा दिसेनाशा झाल्या होत्या, माणसं फावड्याने त्या उघडत होती. बार्कली ७८ यार्ड निघाला तेव्हा पहिल्या दहा यार्डांत त्याला कुणी शिवलंच नाही. एवढं मोठं भगदाड. मग पुढच्या अडुसष्टांचं श्रेय त्याचं, हे कबूल. पण तो सामना वाचवला कार्टरने. शेवटच्या दोन मिनिटांत रॅम्सचा स्टॅफर्ड आमच्या दारात येऊन उभा होता आणि कार्टरने त्याला मागे खेचून पाडलं. निकाल २८-२२. कार्टर अजून नवख्याच्या करारावर आहे, बरं का.

---

पहाटे_पाच | २३ मार्च २०२५

हे सगळं भापो (भावना पोचल्या). पण एक राग अजून गेलेला नाही. शेवटच्या सामन्यात त्याला बसवलं का?

एका मोसमात सर्वाधिक यार्ड पळण्याचा एरिक डिकरसनचा १९८४ चा विक्रम २,१०५. बार्कली २,००५ वर. १०१ यार्ड हवे होते, समोर जायंट्स, तेही घरच्या मैदानावर. ज्या संघाने त्याला सोडलं त्यांच्याविरुद्ध विक्रम! आणि सिरियानीने त्याला कोट घालून बाजूला उभं केलं.

---

आकडेबहाद्दर | २३ मार्च २०२५

दुसरा मानांकन क्रमांक पक्का झाला होता, वर जायची शक्यता नव्हती, खाली यायचीही नव्हती. ३४५ वेळा चेंडू घेऊन पळालेल्या माणसाला निरर्थक सामन्यात आणखी पंचवीस वेळा आपटायला का लावायचं? पुढच्या चार सामन्यांत ११९, २०५, ११८, ५७. मोसम आणि प्लेऑफ मिळून २,५०४, हा मात्र विक्रम झाला, टेरेल डेव्हिसचा मोडून.

शिवाय एरिक डिकरसनने १६ सामन्यांत केले होते. बार्कलीचे २,००५ देखील १६ सामन्यांतच आहेत. सतराव्यात केला असता तर लोकांनी तारांकित केला असता. ओ. जे. सिम्प्सनने १९७३ मध्ये १४ सामन्यांत २,००३ केले होते, ते म्हणणारे मग वेगळेच उठले असते.

---

जायंट_दुःख | २३ मार्च २०२५

आमच्याविरुद्ध झाला नाही हे एक बरं झालं. वर्षभरात देवाने तेवढीच दया केली.

---

पहाटे_पाच | २३ मार्च २०२५

असहमत. विक्रमाला किंमत असते. पस्तीस वर्षांनी कुणी 'दुसरा मानांकन पक्का होता' असं आठवणार नाही. पण असो, विजेतेपदाची अंगठी मिळाली, नवा करारही मिळाला: दोन वर्षांची वाढ, ४१.२ मिलियन. आकडेबहाद्दर, आता तो स्वस्त नाही. ह्याचं काय?

---

आकडेबहाद्दर | २३ मार्च २०२५

ह्याचीच भीती वाटते. अठ्ठाविशीतला रनिंग बॅक, एका वर्षात प्लेऑफ धरून ४३६ वेळा चेंडू घेऊन पळालेला, आणि रनिंग बॅकमध्ये सरासरी वीस मिलियनच्या वर जाणारा पहिला करार. रोझमनच्या सगळ्या थंड डोक्याच्या हिशेबात हा एकच सौदा मला मनाने केलेला वाटतो. गेल्या मार्चमध्ये ब्राइस हफला दिलेले ५१ मिलियन वाया गेले, ते डोक्याने केले होते, ही गंमत.

---

व्यवस्थापक | २४ मार्च २०२५

'टश पुश'वर (क्वार्टरबॅकला मागून ढकलण्याच्या चालीवर) बंदी घालावी का, या विषयावरचे बारा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. पॅकर्सच्या प्रस्तावावर तिथे भांडावे.

---

जायंट_दुःख | १५ जानेवारी २०२६

धागा वर काढतोय. कुणीच काही बोलत नाही म्हणून.

आमचा मोसम ४-१३. चार विजय, आणि त्यातला एक तुमच्यावर, ९ ऑक्टोबर, ३४-१७. त्या रात्री मी एडिसनमधल्या तीन मित्रांच्या घरी मिठाई पाठवली, तिघेही ईगल्सवाले. आणि रविवारी ४९अर्सनी तुमच्याच घरात २३-१९. चेरीहिलकर काका, पाया कसा आहे?

---

प्लेनोवाली | १५ जानेवारी २०२६

२१-० वरून आमच्याकडून २४-२१ हरलात तेही लिहा की. आम्हाला वर्षात तेवढंच मिळालं.

---

चेरीहिलकर | १५ जानेवारी २०२६

या, या, मीठ घेऊनच या.

११-६ आणि पहिल्याच फेरीत बाहेर. पण कशाने हरलो ते बघा. प्लेनोवालीताई मार्चमध्ये म्हणाल्या होत्या की स्वेट-विल्यम्स गेल्यावर बचाव गळेल. तो गळला नाही. मधेच मायामीहून जेलन फिलिप्सला आणलं, एका तिसऱ्या फेरीच्या निवडीवर. ग्रॅहमसुद्धा निवृत्ती सोडून परत आला. नोव्हेंबरमध्ये ग्रीन बेला ७ आणि डेट्रॉइटला ९ गुणांवर रोखलं. स्वस्त माणसं आणून बचाव पुन्हा उभा राहिला, मिचेल आणि डीजीन तर आता लीगमधल्या चांगल्यांत मोजले जातात.

गळला तो हल्ला, जिथे सगळे महागडे लोक तसेच्या तसे होते. बार्कली, ब्राऊन, स्मिथ, हर्ट्स, मायलाटा. डेट्रॉइटच्याच सामन्यात लेन जॉन्सनचा पाय गेला आणि तो उरलेला मोसम बाहेर. डिकरसन आणि जर्गन्स दुखणी घेऊन खेळत होते. बेक्टनची जागा भरली पण त्याच्याइतका रुंद माणूस नव्हता. मूरच्या जागी आलेला केव्हिन पटुलो पहिल्या डाऊनला (प्रयत्नाला) तीच धाव, तिसऱ्या डाऊनला तोच पास. त्याला आता काढलंच.

---

आकडेबहाद्दर | १६ जानेवारी २०२६

बार्कली: १,१४० यार्ड, दर धावेला ४.१. म्हणजे स्विफ्टच्या २०२३ पेक्षाही दर कमी. वरच्या माझ्या तक्त्यात ही चौथी ओळ घाला. हल्ल्याची ओळ मोडली की पहिले चार यार्डच मिळत नाहीत, मग पुढचे सत्तर पळायला तो सुटणार कुठून? मागच्या मार्चमधलं माझं विधान ह्या वर्षाने थोडं दुरुस्त केलं: वरचे साडेनऊशे त्याचे होते, पण ओळ उभी असेल तरच.

---

पहाटे_पाच | १६ जानेवारी २०२६

किंवा ४३६ धावांचा थकवा. दोन्ही असू शकतं. तिसऱ्या क्वार्टरनंतर त्याचे पाय जड दिसायचे, ते रात्री दीड वाजतासुद्धा कळत होतं.

---

चेरीहिलकर | १६ जानेवारी २०२६

असेल. पण मला काळजी त्याची नाही. मार्चमध्ये फिलिप्सचा करार संपतोय, आणि कार्टरची तीन वर्षं झाली, म्हणजे आता त्याच्याशी नव्या कराराची बोलणी करता येतील. विल्यम्सला १०४ मिळाले तर कार्टर किती मागेल? पुढच्या वर्षी हाच प्रश्न मिचेल आणि डीजीनचा. ज्या तिघांच्या स्वस्ताईवर बाकी सगळं उभं होतं ते तिघंही एकामागोमाग महाग होणार. ब्राऊनला विकावं लागेल असं माझं मत आहे, आणि ओळीसाठी ड्राफ्टमध्ये वरच्या दोन निवडी. लेन जॉन्सन मे महिन्यात ३६ चा होईल.

---

जायंट_दुःख | १६ जानेवारी २०२६

ब्राऊन आम्हाला द्या. फर्निचरच्या बदल्यात.